ओठ एकीकडे, अक्षरं दुसरीकडे

रात्रीची जेवणं आटोपल्यावर घरात कुणीतरी लॅपटॉपवर इराणी सिनेमा लावतं. फारसी कुणालाच येत नाही, म्हणून सबटायटल्सची फाइल वेगळी शोधून आणलेली असते. पहिला संवाद नीट जुळतो, दुसराही जुळतो. पाच मिनिटं होतात न होतात तोच पडद्यावरची बाई दार उघडायला उठते आणि दारातल्या पाहुण्याचं बोलणं खाली येऊन गेलेलंही असतं. अर्ध्या तासाने तर कोण गेलं ते प्रेक्षकांना आधी कळतं, घरच्यांना सव्वा मिनिटाने. मग कुणीतरी वैतागून म्हणतं, "फाइलच बेकार आहे."

फाइल बहुतेकदा बेकार नसते. तिच्यातलं एकेक वाक्य जागच्या जागी असतं, फक्त ती जागा दुसऱ्याच घड्याळाने मोजलेली असते. हा फरक तासाला सुमारे अडीच मिनिटांचा, म्हणजे शेकडा सव्वाचार. भारतात मोजा, ब्राझीलमध्ये मोजा, या जातीच्या घोळात आकडा हाच निघतो. आकडा इतका ठरलेला असला की त्याला पूर्वेतिहास असणारच. याच्या मागे विजेच्या दोन चाली आहेत, रंगीत टीव्हीसाठी केलेली एक तडजोड आहे आणि मुख्य म्हणजे अक्षरं फिल्मवरून खाली उतरून वेगळी राहू लागली ती घटना आहे.

मूकपटात अक्षरांची नि चित्रांची फारकत होणंच शक्य नव्हतं. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा कथा पुढे सरकत होती ती पाट्यांवर. थोडं चित्र, मग पाटी, मग पुन्हा चित्र. ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी मोठ्याने वाची. प्रोजेक्टर हाताने फिरवायचा असे. ऑपरेटरचा हात भरभर चालला तर तारामती भरभर चाले आणि पाटीही भरभर जाई. हात मंदावला की दोन्ही मंदावत. पाटी चित्राच्याच पट्टीवर छापलेली आणि त्याच रिळात गुंडाळलेली. सिनेमा परदेशी पाठवायचा झाला तर तेवढ्या पाट्या कापायच्या आणि त्या देशाच्या भाषेतल्या चिकटवायच्या. सिनेमाचं भाषांतर इतकं स्वस्त आणि इतकं निर्धोक पुन्हा कधी झालं नाही.

तरीही एका माणसाच्या डोक्यात अक्षरं वेगळी काढायची कल्पना आलीच होती. १९०९ साली एम. एन. टॉप या नावाने एक पेटंट नोंदवलं गेलं. फिल्मवरच्या पाट्या तशाच ठेवायच्या आणि त्यांच्या खाली दुसऱ्या एका चित्रदीपातून अनुवादित पाट्या पडद्यावर टाकायच्या, असा तो बेत. दोन यंत्रं आणि ती जुळवणारा ऑपरेटर एक. पुढच्या सगळ्या भानगडीचं बीज या पेटंटात होतं, पण ते रुजायला नव्वद वर्षं जायची होती.

बोलपट आले तेव्हा पहिला ताल सुटला तो आवाजाचा. वॉर्नर ब्रदर्सने १९२६ साली 'डॉन जुआन' आणि पुढच्या वर्षी 'द जाझ सिंगर' दाखवला तो व्हायटाफोन पद्धतीने. तिच्यात आवाज फिल्मवर नसे. तो सोळा इंची तबकडीवर असे आणि तबकडी प्रोजेक्टरच्याच मोटरीला जोडलेली असे. एका रिळाला एक तबकडी, सुमारे अकरा मिनिटांची. सुई कुठे टेकवायची ते दाखवणारा बाण तबकडीवर कोरलेला, आणि फिल्मवर सुरुवातीच्या फ्रेमची खूण. दोन्ही खुणा जुळवून मोटर सुरू केली की ओठ आणि आवाज हातात हात घालून चालत.

चालत, पण फिल्म तुटेपर्यंतच. फिल्म तेव्हा वरचेवर तुटे. ऑपरेटर फाटलेल्या चार-सहा फ्रेम कापून टोकं चिकटवून देई. मूकपटात त्याने काही बिघडत नसे. इथे मात्र चित्र तेवढं आखूड होई, तबकडी होती तेवढीच राही आणि रीळ संपेपर्यंत नायिका ओठ मिटून बोलत राही. यावरचा तोडगा साधा आणि मोठा हुशारीचा होता. जितक्या फ्रेम कापल्या तितक्याच काळ्या फ्रेम त्या जागी जोडायच्या. पडद्यावर क्षणभर अंधार होई, पण हिशेब चुकत नसे. आज सबटायटलच्या फाइलीत 'ऑफसेट' घालतात त्याचा हा आजोबा. या काळाची चेष्टा पाहायची असेल तर १९५२ चा 'सिंगिंग इन द रेन' काढावा. त्यातल्या पहिल्या बोलपटाच्या खेळात तबकडी सुटते, नायिका मान हलवून नाही म्हणते तेव्हा खलनायकाचा जाडाभरडा आवाज हो म्हणतो आणि प्रेक्षागृह हसून लोळतं.

काही वर्षांतच आवाज फिल्मच्याच कडेवर छापला जाऊ लागला आणि हा ताप गेला. तबकडीच्या त्या चार-पाच वर्षांनी एक गोष्ट दाखवून दिली होती. दोन वस्तू एका पट्टीवर असल्या की फिल्म तुटो नाहीतर ऑपरेटर डुलकी घेवो, त्या सोबतच राहतात. वेगवेगळ्या ठेवल्या की त्यांना जुळवत बसावं लागतं.

आवाज फिल्मवर बसला तसा भाषेचा प्रश्न उभा राहिला. पाट्या बदलून भागण्यासारखं आता नव्हतं. एक उपाय म्हणजे सिनेमा दोनदा काढायचा. पॅरमाउंटने पॅरिसजवळच्या ज्वाँव्हिलला स्टुडिओ घेऊन एकाच कथेच्या निरनिराळ्या युरोपीय भाषांतल्या आवृत्त्या काढायचा कारखाना घातला. आपल्याकडे कोल्हापुरात प्रभातने १९३२ साली तेच केलं. 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत स्वतंत्र चित्रित झाला, व्ही. शांताराम दिग्दर्शक, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे दोन्हींत. फाळक्यांनी पाट्यांवर सांगितलेली हरिश्चंद्राचीच कथा एकोणीस वर्षांनी दोन भाषांत दोनदा बोलली गेली. दोन भाषांना हे परवडलं. वीस भाषांना कोण परवडवणार?

त्याहून स्वस्त उपाय तोवर निघाला होता. 'द जाझ सिंगर' २६ जानेवारी १९२९ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच सबटायटल्ससह दाखवला गेला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोपनहेगनमध्ये 'द सिंगिंग फूल' डॅनिश सबटायटल्ससह. लोक एकाच वेळी चित्र पाहतील आणि वाचतीलही, यावर तेव्हा कुणाचा फारसा विश्वास नव्हता. अमेरिकेत शेकडो परभाषी सिनेमांना सबटायटल्स देणारा हर्मन वाइनबर्ग या धंद्याच्या आरंभापासूनचा माणूस. सुरुवातीला तो दहा मिनिटांच्या रिळाला जेमतेम पंचवीस-तीस ओळी देई. मग थिएटरात जाऊन पडद्याऐवजी प्रेक्षकांकडे पाहत बसे. माना खाली-वर होतात का, हे त्याला पाहायचं होतं. माना हलत नव्हत्या, नुसती नजर खाली उतरून वर जात होती. तेव्हा त्याने ओळी वाढवल्या. सबटायटलच्या इतिहासातला हा बहुधा पहिला प्रयोग, आणि त्याला लागलं काय, तर थिएटरातली एक खुर्ची.

अक्षरं फिल्मवर उमटवायची कशी, हा खरा कारागिरीचा भाग. नॉर्वेच्या लाइफ एरिक्सनने १९३० साली एक पद्धत पेटंट केली: फिल्मवरचा चित्राचा थर ओलसर करून मऊ करायचा आणि त्यावर अक्षरांचा ठसा दाबायचा. प्रत्येक ओळ आधी खिळ्यांनी जुळवायची, कागदावर छापायची, तिचा फोटो घ्यायचा आणि त्यावरून इवलासा ठसा बनवायचा. त्यातल्या अक्षराची उंची मिलिमीटरभरही नसे, ०.८ च्या आसपास. पाठोपाठ बुडापेस्ट आणि ऑस्लो इथे जवळजवळ एकाच वेळी रासायनिक पद्धत निघाली. तयार फिल्मवर मेणाचा पातळ लेप द्यायचा, तापवलेला ठसा दाबायचा, अक्षरांपुरतं मेण वितळायचं आणि मग फिल्म रसायनात बुडवायची. मेणाखालचं चित्र सुखरूप राही, उघडा पडलेला भाग विरघळून पारदर्शक होई. पडद्यावर दिसणारी ती पांढरी अक्षरं म्हणजे खरं तर चित्राला पाडलेली भोकं होती. आतून दिवा दिसत असे.

भोकंच ती, म्हणून पांढऱ्यावर दिसत नसत. बर्फ, टेबलावरची चादर, धोतर नेसलेले चार जण रांगेत उभे राहिले की अर्धी ओळ गायब. पुढे लेझर आला. पॅरिसमध्ये दनी ओब्वाये यांनी विकसित केलेली लेझर पद्धत १९८८ पासून धंद्यात आली. त्यात अक्षर जाळून काढलं जाई आणि जळाल्याची बारीक काळी कड त्याला आपोआप मिळे. वाचायला ते सोपं पडे. जी गोष्ट कुणी मुद्दाम योजली नव्हती ती सगळ्यात कामाची ठरली.

या सगळ्या काळात वेळ मोजली जात होती ती लांबीने. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात आणि सेकंदाला २४ फ्रेम पळतात. म्हणजे सेकंद झाला दीड फूट, मिनिट झालं नव्वद फूट. सबटायटल करणारा आधी 'स्पॉटिंग' करी. संवाद कितव्या फुटाच्या कितव्या फ्रेमला सुरू होतो आणि कितव्या फ्रेमला संपतो, याची यादी तयार होई. ठसे मारणाऱ्या यंत्रालाही फ्रेम मोजणारा गणक असे. घड्याळाचा संबंध कुठेच नाही. आपल्या सेन्सॉरच्या दाखल्यावर सिनेमाची रिळं आणि मीटरमधली लांबी छापून येई ती याच सवयीने. कापडासारखा सिनेमाही मोजून दिला जात होता. (पंचांगवाल्यांसाठी: एक पळ म्हणजे २४ सेकंद आणि एका सेकंदात २४ फ्रेम, हा निव्वळ योगायोग. पण एका विपळात साधारण दहा फ्रेम सरकतात, आणि दहा फ्रेमांची चूक नजरेला टोचते.)

अशी कोरलेली फिल्म कुठेही लावा, अक्षरं हलणार नाहीत. ऑपरेटरने दहा फ्रेम कापल्या तर त्यांच्यावरची अक्षरंही कापली जातील. चुकीचं भाषांतर असेल तर ते मात्र प्रिंट झिजेपर्यंत चुकीचंच राहील. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' ३ मे १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला तो सबटायटल्सविनाच. अक्षरं वेगळ्या फाइलीत असती तर विमानाने एक कागद पाठवून भागलं असतं.

आता वीज. १८९० च्या दशकात अमेरिकेत वेस्टिंगहाउसने विजेच्या प्रवाहाची चाल सेकंदाला ६० आवर्तनांची धरली, जर्मनीत एईजीने ५० ची. दोघांचीही कारणं यंत्रांच्या सोयीची होती, सिनेमाचा विचार कुणाच्या स्वप्नातही नव्हता. टीव्ही आला तेव्हा त्याचं चित्र घरातल्या विजेच्या चालीवर बांधलं गेलं, नाहीतर पडद्यावर पट्टे सरकू लागत. म्हणून अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ३० चित्रांचा झाला आणि युरोपात २५ चा. भारतात वीज ५० ची, त्यामुळे दूरदर्शनही २५ चं.

सिनेमा मात्र २४ चाच होता. युरोपने आणि आपण सरळ मार्ग धरला. २४ च्या जागी २५ फ्रेम पळवायच्या, कुणाला काय कळतंय! दीडशे मिनिटांचा सिनेमा टीव्हीवर १४४ मिनिटांत संपे. आवाजही किंचित चढे, इतका की काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनच्या दिशेने दोन तृतीयांश वाट चालून गेलेला असे. ज्यांचे कान तयार होते त्यांना ते खटकत असणार. रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त सिनेमे इंग्रजी सबटायटल्ससह लागत. मल्याळम, आसामी, कन्नड सिनेमांची ओळख कितीतरी मराठी घरांना त्या दुपारींनी करून दिली. ते सिनेमेही पळवलेलेच असत. पण अक्षरं चित्रात कोरलेली असल्यामुळे तीही चित्राबरोबर पळत. ओळ आणि ओठ एकत्रच पोचत.

अमेरिकेची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. २४ चे ३० करायला त्यांनी एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, मग पुन्हा दोनदा असा ठेका धरला. वेग बदलला नाही, हालचालीत मात्र बारीकसा अडखळा आला. मग डिसेंबर १९५३ मध्ये रंगीत टीव्हीला मंजुरी मिळाली. जुन्या काळ्या-पांढऱ्या संचांवरही रंगीत प्रक्षेपण दिसलं पाहिजे, ही अट होती. रंगाची माहिती वाहणारी लहर आणि आवाजाची लहर यांच्या भांडणातून चित्रात जाळी उमटू लागली. आवाजाची लहर बदलली असती तर जुने संच बिघडले असते. म्हणून इंजिनिअरांनी चित्राचाच वेग हजारात एक इतका कमी केला. ३० चे झाले २९.९७ आणि त्या हिशेबाने सिनेमाच्या २४ चे झाले २३.९७६. पाहणाऱ्याला काहीच फरक पडला नाही. मोजणाऱ्याला मात्र आयुष्यभराचा पडला.

कारण १९६७ च्या सुमारास व्हिडिओ टेपवर प्रत्येक फ्रेमला तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा क्रमांक देणारा टाइमकोड आला. सेकंदात ३० फ्रेम धरून क्रमांक लावले तर टाइमकोड भिंतीवरच्या घड्याळाच्या मागे पडे, तासाला ३.६ सेकंद. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला, जाहिरातींच्या हिशेबाला ते चालणारं नव्हतं. तोडगा असा निघाला: दर मिनिटाला पहिले दोन क्रमांक गाळायचे, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. चित्र एकही गळत नाही, गळतो तो आकडा. याला ड्रॉप-फ्रेम म्हणतात आणि ते समजावून सांगताना शिकवणाऱ्यांची दमछाक होते. मराठी विद्यार्थ्याला 'क्षयतिथी' एवढंच सांगितलं तरी पुरावं. द्वितीयेनंतर थेट चतुर्थी आली म्हणून दिवस कुठे हरवलेला नसतो.

अशा रीतीने जगात एकाच सिनेमाच्या तीन चाली नांदू लागल्या: थिएटरातली २४, युरोप-भारतातल्या टीव्हीची २५ आणि अमेरिकी व्हिडिओची २३.९७६. अक्षरं चित्राला चिकटलेली होती तोवर याचा कुणालाच उपद्रव नव्हता. ती सुटायला सुरुवात झाली ती हौशी लोकांच्या हातून. अमेरिकेतल्या जपानी अ‍ॅनिमेशनच्या चाहत्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरच्या अमिगा संगणकाला गेनलॉक नावाचा डबा जोडून व्हीएचएसवर स्वतःची अक्षरं चढवायला घेतली. त्यांच्या गटात भाषांतर करणारा वेगळा आणि 'टायमर' वेगळा. टेप चालू करायची आणि संवाद ऐकू आला की कळ दाबायची, हे टायमरचं काम. भाषा आली नाही तरी चाले, कान आणि बोट जागं हवं. शेवटी निघणाऱ्या टेपवर मात्र अक्षरं पुन्हा चित्रात मिसळूनच येत.

पूर्ण फारकत झाली ती डीव्हीडीनंतर. १९९६ च्या शेवटी जपानमध्ये आलेल्या या चकतीवर ३२ पर्यंत सबटायटल-पट्ट्या मावत, पण त्या अक्षरांच्या स्वरूपात नसून छोट्या चित्रांच्या स्वरूपात असत. २००० च्या सुमारास सबरिप नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आला. तो ती चित्रं वाचून त्यांचा मजकूर करी आणि साध्या फाइलीत लिहून देई. त्याच फाइलीला आज सगळं जग एसआरटी म्हणतं. तिची रचना किराणा दुकानाच्या वहीइतकी सोपी आहे: एक अनुक्रमांक, खाली कधीपासून कधीपर्यंत ती वेळ, खाली मजकूर, मग एक ओळ रिकामी. सेकंदांनंतर दशांश टिंबाऐवजी स्वल्पविराम, तो फ्रेंच रिवाजाप्रमाणे. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडते, शंभरेक किलोबाइटमध्ये सिनेमाचं सगळं बोलणं मावतं आणि ईमेलने पृथ्वीच्या पलीकडे जातं. राय यांच्या वेळी हवा होता तो कागद अखेर तयार झाला.

फक्त त्या कागदावर एक गोष्ट लिहायची राहून गेली: ही वेळ कोणत्या चालीच्या सिनेमावरून घेतली. युरोपातल्या डीव्हीडीवरून काढलेली फाइल २५ च्या चालीची, अमेरिकेतल्या डीव्हीडीवरून काढलेला सिनेमा २३.९७६ चा. दोघांची गाठ पुण्यातल्या एखाद्या होस्टेलच्या खोलीत पडली की तासाला अडीच मिनिटं. दोन तासांच्या शेवटी अक्षरं चार मिनिटं पंचावन्न सेकंद पुढे निघून गेलेली. इराणी बाईच्या दारातला पाहुणा लवकर बोलला तो यामुळे. उलट जोडी जमली तर अक्षरं तेवढीच मागे राहतात. त्याच काळातला मायक्रोडीव्हीडी हा दुसरा प्रकार तर वेळ लिहायचाच नाही, महिरपी कंसात फ्रेमचा क्रमांक लिहायचा. जुन्या फूट-फ्रेमच्या यादीचाच तो वंशज. फरक एवढाच की फुटांच्या यादीसोबत फिल्म असे, या यादीसोबत कोणती फिल्म ते कुणालाच ठाऊक नसे.

दुरुस्तीचंही त्यामुळे एक छोटं वैद्यक तयार झालं. वैद्य आधी नाडी पाहतो तसं इथे दोन ठिकाणी पाहायचं, सुरुवातीला आणि शेवटाला. दोन्हीकडे फरक सारखाच असेल, समजा सहा सेकंद, तर रोग किरकोळ. कुठल्या तरी प्रिंटला वितरकाचं बोधचिन्ह जास्तीचं आहे, एवढंच. सगळी फाइल सहा सेकंद सरकवली की झालं. पॅरिसच्या एकोल सांत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेल्या व्हीएलसी प्लेअरमध्ये यासाठी जी आणि एच या दोन कळा आहेत. एका दाबाला ५० मिलिसेकंद. सहा सेकंदांसाठी एकशेवीस वेळा दाबायचं. होस्टेलमध्ये हे काम दिव्याच्या बटणाशेजारी बसलेल्याकडे येई.

सुरुवातीला फरक नाही आणि शेवटाला पाच मिनिटं, तर रोग चालीचा. इथे सरकवून उपयोग नाही, ताणावं लागतं. पहिल्या संवादाची खरी वेळ आणि शेवटच्या संवादाची खरी वेळ अशा दोन खुंट्या ठोकायच्या आणि मधली दोरी प्रोग्रॅमने सारखी ताणून द्यायची. हे गणित शाळेतल्या त्रैराशिकाचं आहे. सबटायटल वर्कशॉप आणि नंतर डेन्मार्कच्या निकोलाय ओल्सनने लिहिलेला सबटायटल एडिट यांनी ते दोन क्लिकवर आणलं. तासाला साडेतीन सेकंदांचा फरक निघाला तर २४ आणि २३.९७६ ची गल्लत, म्हणजे १९५३ ची ती तडजोड. सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकी इंजिनिअरांनी लपवलेलं हजारात एक असं इथे सापडतं.

तिसरा प्रकार खरा छळवादी. वीस मिनिटं सुरळीत, मग एकदम चाळीस सेकंद मागे, पुढे पुन्हा सुरळीत, पण तेवढीच मागे. ही आवृत्तीच निराळी असते: कुठे एक प्रसंग कापलेला, कुठे दिग्दर्शकाने नंतर जोडलेला, कुठे टीव्हीवरून उतरवताना जाहिरातींची जागा उरलेली. जुन्या दिवसांत सिनेमा दोन सीडींवर मावावा म्हणून मधोमध तोडलेला असे आणि दुसऱ्या सीडीची फाइल पुन्हा शून्यापासून सुरू होई. तिथेही हाच धक्का. यावर त्रैराशिक चालत नाही. जिथे जिथे फिल्म तुटली असेल तिथे तिथे फाइल तोडायची आणि प्रत्येक तुकडा वेगळा बसवायचा. व्हायटाफोनच्या ऑपरेटरने हे काम लगेच ओळखलं असतं.

अलीकडे हे यंत्रावर सोपवता येतं. २०१९ साली इलिनॉय विद्यापीठातल्या एका हॅकेथॉनमधून सुरू झालेला एफएफसबसिंक हा प्रोग्रॅम सिनेमाचा आवाज १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत चिरतो आणि प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारतो: कुणी बोलतंय की नाही? सबटायटलच्या फाइलीलाही तोच प्रश्न: या क्षणी ओळ आहे की नाही? हो-नाहीच्या दोन लांबलचक माळा तयार होतात. त्या दोन फण्या एकमेकींत बसवाव्या तशा सरकवून पाहायच्या आणि जिथे सर्वांत जास्त दात जुळतील तिथे थांबायचं. चालीचे नेहमीचे फरकही तो आळीपाळीने लावून बघतो. अलास नावाचा दुसरा प्रोग्रॅम तुटलेले तुकडेही वेगवेगळे बसवतो. काय बोललं जातंय ते दोघांनाही समजत नाही. फारसी संवाद आणि मराठी ओळी दिल्या तरी चालतात. जपानी न येणाऱ्या त्या टायमर पोरांसारखंच हे काम आहे, फक्त बोट नाही.

थिएटरांतही अक्षरं आता चित्राला चिकटलेली नाहीत. डिजिटल सिनेमाच्या पेटीत चित्र वेगळं, आवाज वेगळा आणि सबटायटलची फाइल वेगळी येऊ शकते, रीळवार. प्रत्येक रिळाची वेळ नव्याने शून्यापासून. रीळ राहिलं नाही, हिशेब राहिला. व्हेनिसला गेलेला चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' असो की एखादा नवा मराठी सिनेमा, इंग्रजी ओळींची यादी करणारा आज फुटांऐवजी टाइमकोड लिहितो. नेटफ्लिक्ससारख्या कंपनीचे नियम सांगतात की ओळ सेकंदाच्या पाच षष्ठांशाहून कमी आणि सात सेकंदांहून जास्त दिसू नये आणि दोन ओळींमध्ये किमान दोन फ्रेमांचं अंतर असावं. वाइनबर्गच्या खुर्चीपासून हे फार लांब नाही.

आपल्या सिनेमापाशी येऊन मात्र यंत्र अजून अडखळू शकतं, आणि त्याचं कारण गाणं. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली मांडलेली कल्पना अशी होती की टीव्हीवरच्या गाण्यांचे शब्द त्याच भाषेत खाली दाखवावेत, गायलेला शब्द रंग बदलत जावा आणि लोकांचं वाचन आपोआप घोटलं जावं. गुजराती गाण्यांपासून त्याची सुरुवात झाली. तिथे ओळ जुळून भागत नाही, तानेतला शब्द तानेइतकाच थांबावा लागतो. हे अक्षरांचं काम गाण्याला धरून चालतं. फाइल तयार करणाऱ्यांची रीत नेमकी उलटी: अनुवादक गाणं बहुधा सोडूनच देतात. पाच मिनिटं पडद्यावर दोघं जण बागेत गात असतात, यंत्राला माणसांचा आवाज ऐकू येतो आणि फाइलीत त्या पाच मिनिटांत एकही ओळ नसते. फणीचे दात तिथे जुळायचे कसे? अशा वेळी माणूस ते गाणं पुढे ढकलतो, त्यानंतरचा पहिला संवाद सुरू होताच सिनेमा थांबवतो आणि फाइलीत तीच ओळ शोधून समोरची वेळ हाताने लिहितो.